जुन्या गाडीचे गंजलेले ब्रेक पाइप स्वतः बदलताना

किनाऱ्यावरच्या गाडीचं खरं वय मीटरवर दिसत नाही. मालवण, वेंगुर्ला, अलिबाग नाहीतर वर्सोव्याला वर्षानुवर्षं उघड्यावर उभी असलेली मारुती ८०० वरून टापटीप असते. खाली डोकावलं की मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेक पाइपला पापुद्रे सुटलेले दिसतात. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि तळाला चिकटून बसलेला तांबडा चिखल या तिघांपुढे बारीक पोलादी नळी फार दिवस टिकत नाही. शिकागो किंवा टोरांटोकडच्या मराठी मंडळींना हेच दुखणं वेगळ्या वाटेनं भेटतं. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात.

मारुती ८०० बनणं जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ८०० जुनीच आहे. नोंदणीची पंधरा वर्षं भरली की नूतनीकरणासाठी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते आणि तिथे ब्रेक पाहिले जातात. पण तेवढ्यासाठी थांबू नये. हा पाइप फुटतो तो जोरात ब्रेक दाबल्यावर, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा.

पुढे जे सांगतोय ते मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवून. झेन, ओम्नी, जिप्सी किंवा त्या काळातल्या कुठल्याही साध्या गाडीला थोड्या फरकानं ते लागू पडेल. गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर हे काम गॅरेजवर सोडा, कारण त्याच्या पंपात अडकलेली हवा काढायला बऱ्याच वेळा गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो. आणि आजवर ब्रेक शूसुद्धा स्वतः बदलले नसतील तर सुरुवात इथून करू नका.

आधी नीट बघा

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. चासीच्या मजबूत जागी दोन्ही बाजूंना स्टँड लावा आणि जमिनीवर उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्या. स्टँडवर बसलेली गाडी हातानं हलवून बघा. ती हलली तर आत्ताच हलू दे, तुम्ही खाली असताना नको. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण खालून पाहताना गंज सरळ डोळ्यात पडतो.

पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलतो तो मास्टर सिलिंडर. तिथपासून एकेका पाइपच्या मागे टॉर्च घेऊन जा. उघडा दिसणारा पाइप बहुधा ठीक असतो. घात क्लिपच्या खाली असतो. तिथे चिखल आणि ओल धरून राहते, वाळायला जागा नसते. त्यामुळे प्रत्येक क्लिप उघडून खालचा भाग बघायचा. पेट्रोलच्या टाकीच्या वर गेलेला तुकडा आणि मागच्या ॲक्सलवरचा पाइप या दोन जागा हमखास राहून जातात.

वरवरची लाली पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासून जाते आणि खाली गुळगुळीत धातू लागतो. असा पाइप चालेल. पण खड्डे दिसले, वरचा थर फुगला असेल, पापुद्रे निघत असतील किंवा एखादी जागा ओलसर, बुळबुळीत लागली तर पाइप बदलायचाच. घासताना अंगात येऊन वायर ब्रश मारू नका. मेलेला पाइप तिथेच फुटेल आणि गाडी हलवायची सोय राहणार नाही.

बहुतेक गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात. काहींत पुढची दोन चाकं एकात आणि मागची दुसऱ्यात, काहींत तिरकी जोडणी, म्हणजे पुढचं एक आणि विरुद्ध बाजूचं मागचं एक. एक फुटलं तरी दुसरं निम्मं काम करतं, मात्र पेडल खूप खाली जातं. काही जुन्या जीपमध्ये एकच सर्किट असतं. तिथे एक पाइप फुटला की हाती फक्त हँडब्रेक उरतो.

तुकडा जोडायचा की पूर्ण पाइप?

पूर्ण पाइप. यावर मी वाद घालत नाही. एका जागी खड्डा पडलेला पाइप बाकीच्या लांबीतही त्याच हवेत, त्याच पावसात तितकीच वर्षं राहिलेला असतो. आज एक हात तुकडा बदलाल तर पुढच्या पावसाळ्यात त्याच्या शेजारी गळेल. शिवाय प्रत्येक नवा जोड ही गळतीची नवी जागा.

आणि काही गोष्टी कुणीही, कितीही अनुभवी मेस्त्रीनं सुचवल्या तरी करायच्या नाहीत. फाटलेल्या जागी रबरी नळी चढवून क्लिप आवळणं, पितळी डाग देणं, पाण्याच्या किंवा गॅसच्या लाइनला वापरतात तसली रिंग दाबून बसणारी कॉम्प्रेशन फिटिंग लावणं, फ्रिज किंवा एसीची तांब्याची नळी वापरणं. जोरात ब्रेक दाबल्यावर पाइपातला दाब हजार पीएसआयच्या वर जातो. शुद्ध तांबं सारख्या थरथरीनं कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. ते वळवायला सोपं असतं म्हणूनच त्याचा मोह होतो.

काय आणायचं

तुमच्या मॉडेलचा तयार पाइप, दोन्ही टोकांना नट असलेला आणि टोकं पसरवलेला (फ्लेअर केलेला), मिळत असेल तर तोच घ्या. निम्मं काम तिथेच संपतं. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे भाग शोधता येतात. जाताना जुना पाइप निदान टोकासह बरोबर न्या, नुसतं मॉडेलचं नाव सांगून चालत नाही.

तयार मिळाला नाही तर पाइपची गुंडाळी आणून टोकं स्वतः करावी लागतात. छोट्या गाड्यांत बाहेरचा व्यास बहुधा ४.७६ मि.मी. असतो, म्हणजे जुन्या मापात इंचाचा ३/१६ भाग. तरी व्हर्निअर कॅलिपरनं मोजून खात्री करा. पाइप दोन प्रकारचा घेता येतो. एक म्हणजे दुहेरी भिंतीचा, वर गंजरोधक थर दिलेला पोलादी पाइप. बाजारात त्याला बंडी पाइप म्हणतात. तो मजबूत असतो, पण वळवायला हट्टी. दुसरा तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचा, त्यात सुमारे १० टक्के निकेल असतं. तो गंजत नाही, हातानं वळतो, फ्लेअरही सुंदर येतो. आपल्याकडे तो शोधावा लागतो आणि महाग पडतो. समुद्राजवळ राहत असाल आणि गाडी ठेवायची असेल तर मी तोच घेईन. फक्त दुकानदार त्या नावाखाली साधं तांबं देत नाही ना, हे बघा. शुद्ध तांब्याचा लालसर रंग आणि या मिश्रधातूचा फिकट रंग शेजारी ठेवले की फरक दिसतो.

नट नवेच घ्या. जपानी वळणाच्या गाड्यांत १० मि.मी. व्यासाचे, १ मि.मी. पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे बहुतेक वेळा सापडतात. जुन्या जीप आणि ॲम्बेसिडरसारख्या गाड्यांत इंची आटे असू शकतात. दोन्ही नट दिसायला सारखे, सुरुवातीला एकमेकांत थोडे फिरतातही, आणि मग आटे खातात.

आता फ्लेअर. पाइपचं टोक नटाच्या आत दाबून बसावं म्हणून ते पसरवलेलं असतं. जुनं टोक पुसून नीट बघा. आतून नरसाळ्यासारखं खोलगट आणि काठ दुमडून दुहेरी झालेला असेल तर तो डबल फ्लेअर. बाहेरून फुगीर, अळंबीच्या टोपीसारखा असेल तर बबल फ्लेअर. दोघांची बैठक वेगळी असते. एकाच्या जागी दुसरा आवळला तर पहिल्या दिवशी गळणार नाही कदाचित, पण भरवसा नाही.

हत्यारांत दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका, फ्लेअर नट पाना आणि फ्लेअरिंग टूल. फ्लेअर नट पाना म्हणजे रिंग पानाच, पाइप आत सरकावा म्हणून एका बाजूला फट ठेवलेला. साध्या ओपन पान्यानं गंजलेला नट गोल होतो, हे ठरलेलं. बाकी पाइप कटर, बारीक कानस, वाकवण्याचं छोटं हत्यार, गंज सोडवणारा स्प्रे, पारदर्शक नळी, बाटली आणि चिंध्या.

ब्रेक ऑइल मास्टर सिलिंडरच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच वापरायचं, बहुतेकदा डॉट ३ किंवा डॉट ४. डबा नवा, सीलबंद हवा, कारण हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओल शोषल्यावर किमान १४० अंश धरला जातो. घाटात उतरताना हा फरक जाणवतो. सिलिकॉनचं डॉट ५ या गाड्यांत घालू नका. आणि या ऑइलनं रंग सोलून निघतो, म्हणून सांडलं की लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं.

पाइपच्या आधी निपल

नवा पाइप आणायच्या आधी चारही चाकांचे ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा बाहेर सोडायचे छोटे स्क्रू, सुटतात का ते पाहा. हवा काढायची वाट तीच. किनाऱ्यावरच्या गाडीत मागचे निपल जाम असतातच. स्प्रे मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा, छोट्या हातोडीनं टोकावर हलके ठोके द्या, मग रिंग पान्यानं आधी किंचित आवळून मग सोडवा. मोडलाच तर त्या चाकाचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबानं ब्रेक शू ढकलणारा भाग) बदलावा लागेल. तो पाइपबरोबरच आणता येतो. सगळं जोडून झाल्यावर निपल मोडला तर मात्र गाडी स्टँडवरच राहते.

तीच वागणूक पाइपच्या नटांना. दोन-तीन दिवस आधीपासून स्प्रे मारत राहा. गॅसची ज्योत लावायची सवय अनेकांना असते. इथे ती नको, शेजारी रबरी होज आहे, ब्रेक ऑइल पेट घेतं आणि मागे पेट्रोलची टाकी आहे.

जुना पाइप काढणं

काढण्याआधी फोटो काढा. पाइप कुठल्या क्लिपमधून जातो, कुठे वळतो, सायलेन्सरपासून किती लांब राहतो, सगळं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. त्याचं कारण पुढच्या युक्तीत आहे. ब्रेक पेडल इंच-दीड इंच दाबा आणि सीटला टेकवलेल्या काठीनं तिथेच अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरमधलं रबरी वॉशर पुढे सरकतं, टाकीतून येणारं भोक बंद होतं आणि उघड्या पाइपातून सगळं ऑइल वाहून जात नाही. पेडल दाबलेलं राहिल्यानं मागचे लाल दिवे पेटलेले राहतात, म्हणून बॅटरी सोडवायची.

नट सुटत नसेल तर झगडत बसू नका. पाइप तसाही भंगारात जाणार आहे. नटाला लागून तो कापून टाका आणि उरलेल्या नटावर सहा कोनांचा गोटी पाना पूर्ण बसवून फिरवा. उघड्या पान्यानं तासभर न सुटलेला नट असा बऱ्याचदा मिनिटात सुटतो. कधी नट फिरतो, पण पाइप त्याच्यात जाम झाल्यामुळे तोही पिळला जातो. तिथेही कापणं हाच उपाय.

पोलादी पाइप रबरी होजला जोडलेला असतो तिथे दोन पाने लागतात, एक होजचा षटकोनी भाग धरायला आणि दुसरा नट फिरवायला. एकाच पान्यानं केलं तर होज पिळला जातो. होजला भेगा असतील किंवा तो फुगला असेल तर याच वेळी बदला. उघड्या पडलेल्या प्रत्येक भोकाला रबरी टोपी लावा. मातीचा एक कण व्हील सिलिंडरच्या रबराला पुरतो.

एका वेळी एकच पाइप काढायचा. सगळे एकदम काढले की कुठला कुठे होता यावर घरात मतभेद होतात.

जुना पाइप शक्य तितका सबंध बाहेर काढा. तोच नव्याचा नमुना. मोडला असेल तर जाड तार मूळ वाटेनं बसवून तिच्यावरून लांबी घ्या.

फ्लेअर

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. गुंडाळीतले बोटभर तुकडे कापून सराव करा, आणि सलग चांगले फ्लेअर येऊ लागल्याशिवाय गाडीच्या पाइपला हात लावू नका.

पाइप कटरनंच कापा. हेक्सा ब्लेडनं कापलं तर टोक तिरकं होतं आणि आत कीस जातो. कटर एकदम आवळायचा नाही, प्रत्येक फेरीला थोडा. कापल्यावर टोक कानशीनं पाइपला काटकोनात, सपाट आणा, आतली-बाहेरची धार काढा आणि पाइपातून हवा फुंकून कीस बाहेर घालवा. मग नट चढवा, आटे टोकाच्या दिशेला. हे आत्ताच, कारण फ्लेअर झाल्यावर नट चढत नाही आणि चांगलं झालेलं टोक कापून टाकावं लागतं. दुसऱ्या टोकाचा फ्लेअर करण्याआधीही दोन्ही नट पाइपवर आहेत ना, ते बघा.

डबल फ्लेअरसाठी पाइप टूलच्या पट्टीत असा धरायचा की त्याचं टोक पट्टीच्या वर, त्या मापाच्या बटणाच्या (टूलबरोबर येणाऱ्या, खुंटी असलेल्या छोट्या चकतीच्या) कडेच्या जाडीइतकंच येईल. पट्टी घट्ट आवळा, सैल राहिली तर पाइप खाली सरकतो आणि फ्लेअर लहान येतो. टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लावा. बटणाची खुंटी पाइपात घालून स्क्रू पूर्ण खाली आणला की टोक फुगतं. बटण काढून तोच स्क्रू पुन्हा खाली आणला की शंकू फुगलेला भाग आत दुमडतो आणि दुहेरी काठ तयार होतो.

आता तो भिंगातून बघा. काठ सगळीकडे सारखा, भोक मधोमध, कुठे चीर नाही, बैठकीवर ओरखडा नाही. एका बाजूला झुकलेला असेल तर कापा आणि पुन्हा करा. नट जास्त आवळून वाकडा फ्लेअर सरळ होत नाही, उलट मास्टर सिलिंडरमधली बैठक खराब होते.

बसवणं

पाइप जुन्याच्या शेजारी ठेवून हळूहळू वळवा. तीव्र वळण द्यायचं नाही, चपटा झालेला पाइप वापरायचा नाही. मास्टर सिलिंडरजवळ मूळ पाइपाला वेढा असेल तर नव्यालाही द्या. तो शोभेसाठी नसतो, इंजिनाची थरथर तो पिऊन टाकतो.

पाइप सायलेन्सरपासून दूर, हलत्या भागांना न लागता आणि मूळच्या सगळ्या क्लिपांत धरलेला हवा. लटकता पाइप घासून आणि थरथरून मरतो. क्लिपा गंजल्या असतील तर नव्या लावा.

नट सुरुवातीला बोटांनीच फिरवायचे, तीन-चार आटे तरी. बोटांनी जात नसेल तर पाइपचा कोन चुकतोय. पाना घेऊ नका, पाइप थोडा हलवा. दोन्ही टोकं हातानं लागल्यावरच शेवटचं आवळणं. अशा १० मि.मी. आट्यांच्या नटांना १४ ते १८ न्यूटन मीटर पुरतात. छोट्या पान्यावर मनगटाचा जोर म्हणजे साधारण तेवढंच. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तो खरा.

हवा काढणं

पेडलची काठी काढा, ब्रेक ऑइलची टाकी भरा. पेडलवर एक माणूस, चाकाशी तुम्ही. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक मागचं डावं. बहुधा तिथून सुरू करून मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा क्रम धरतात. तिरक्या सर्किटच्या गाडीत कंपनीचा क्रम वेगळा असू शकतो, तो पाहून घ्या. मागे वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल आणि त्यालाच निपल असेल तर तोही राहू देऊ नका.

निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. मग तीन शब्द पुरतात. तुम्ही म्हणायचं “दाब”, पेडलवरच्यानं हळू दाबून “दाबलं” म्हणायचं, तुम्ही निपल उघडून बंद करायचा आणि मग “सोड”. निपल उघडा असताना पेडल सुटलं तर हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. प्रत्येक चार-पाच दाबांनी टाकी बघा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

जुन्या मास्टर सिलिंडरसाठी एक काळजी. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात वॉशर जिथे कधी पोचत नाही त्या भागात गंज साचलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला नेलं की वॉशर त्यावर घासतं आणि चार दिवसांनी मास्टर सिलिंडर निकामी होतो. लोक मग पाइप बदलला म्हणून बिघडलं असं समजतात.

बाटलीतलं ऑइल पुन्हा टाकीत घालायचं नाही. गटारात किंवा झाडाखालीही नको. बंद डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या, इंजिन ऑइलमध्ये न मिसळता.

रस्त्यावर नेण्याआधी

सगळे जोड पुसून कोरडे करा. इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर धरा. ते कडक राहिलं पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडर आतून दाब सोडतोय. स्पंजासारखं लागत असेल तर हवा उरली आहे. बूस्टर (इंजिनाच्या ओढीनं पेडल हलकं करणारा डबा) असलेल्या गाडीत पेडल दाबून धरून इंजिन सुरू केलं की ते थोडं खाली जातं आणि थांबतं, ही खूण चांगली. दाब असतानाच दुसऱ्यानं प्रत्येक नटाखाली टिश्यू पेपर फिरवावा. डोळ्याला न दिसणारी ओल त्यावर उमटते. ओल दिसली तर नट थोडा आवळून पाहा. तरी थांबली नाही तर फ्लेअर चुकलाय, तो पुन्हा करा.

मग गाडी मोकळ्या सपाट जागेत चालण्याच्या वेगानं, हँडब्रेकवर हात ठेवून. ब्रेक लागतात, गाडी एका बाजूला ओढत नाही, पेडल तेवढ्याच उंचीवर राहतं, असं दिसलं की वेग थोडा वाढवा. पहिल्यांदाच हे काम केलं असेल तर विश्वासातल्या मेस्त्रीला एकदा सगळे जोड दाखवा. यात कमीपणा नाही. आंबा किंवा कुंभार्ली घाटात त्याच दिवशी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं टाकीची पातळी आणि नट पुन्हा तपासा.

गॅरेजवाले गाडीच्या तळाला जाड काळा थर मारून देतात. पत्र्याला तो ठीक, पण पाइपवर मारू देऊ नका. त्याखाली गंज वर्षानुवर्षं लपून राहतो आणि पुढच्या वेळी टॉर्च घेऊन गेलात तर काहीच दिसत नाही. पाइपला पातळ मेणाचा स्प्रे पुरे. पावसाळा संपला की गोड्या पाण्यानं तळ धुवा, क्लिपांच्या मागे नळी नीट धरून.